बाळाच्या अंगावरचे तपकिरी डाग: नव्या आईसाठी थोडं

असे डाग पाहून डॉक्टरांनी मास्टोसायटोसिस हा आजाराचा शब्द उच्चारला की पोटात गोळा येतो, मी त्यातून गेले आहे. आधी एवढं ऐका: लहान मुलांमध्ये हा आजार बहुतेक वेळा त्वचेपुरताच राहतो आणि वयात येईपर्यंत बऱ्याच जणांचे डाग फिके पडतात किंवा जातात. तो संसर्गजन्य नाही. बाळाला खुशाल कुशीत घ्या.

या आजारात त्वचेत मास्ट पेशी, म्हणजे ॲलर्जीत भाग घेणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, जास्त साठलेल्या असतात. त्यांना डिवचलं की हिस्टामीन हे खाज, लाली आणि सूज आणणारं रसायन बाहेर पडतं. माझ्या लेकीच्या पाठीवरचा डाग टॉवेलने जरा जोरात पुसला, तर काही मिनिटांत लालबुंद होऊन पित्ताच्या गांधीसारखा फुगला. डॉक्टर डाग चोळून हेच पाहतात, त्याला डॅरिए चिन्ह म्हणतात. घरी मात्र पुन्हा पुन्हा चोळून बघू नका, फोड येऊ शकतो. अंग टिपून घ्या, पाणी कोमट ठेवा, कपडे सैल आणि मऊ घाला.

औषधांबाबत मी फार काटेकोर आहे. आयबुप्रोफेन, कोडीन यांसारखी वेदनाशामक औषधं काही मुलांना त्रास देतात, म्हणून विचारल्याशिवाय काहीच देऊ नका. शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. लस मनाने टाळू नका, डॉक्टरांशी बोला.

अंगभर लाली, उलट्या, धाप किंवा बाळ अचानक मलूल पडलं, तर थेट तातडीच्या विभागात न्या. आणि दर महिन्याला त्याच उजेडात डागांचा फोटो काढून ठेवा, पुढच्या तपासणीत तो फार उपयोगी पडतो.