‘थंड तारा’ म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे : मृग नक्षत्रातल्या काक्षी (बीटलज्यूस) या तांबूस ताऱ्याविषयीच्या एका लेखात ‘हा अतिशय तेजस्वी, पण थंड तारा आहे’ असे वाक्य आहे. जो तेजस्वी आहे तो थंड कसा असेल, आणि ताऱ्याला थंड म्हणणे मराठीत बरोबर आहे का?

वाक्यातील विज्ञान बरोबर आहे. अडखळायला होते ते शब्दांमुळे, आणि त्याला मराठीच्या घडणीतच कारण आहे. उजेड आणि उष्णता या दोन गोष्टी आपली भाषा सहसा वेगळ्या काढत नाही. ‘ऊन’ हाच शब्द घ्या. संस्कृत ‘उष्ण’, प्राकृत ‘उण्ह’ आणि मराठी ‘ऊन’ अशी त्याची वाट आहे. ‘ऊन ऊन भात’ किंवा ‘ऊन पाणी’ म्हणताना आपण त्याचा मूळचा, म्हणजे गरम, हा अर्थ घेतो. ‘अंगणात ऊन आले’ म्हणताना मात्र सूर्याचा उजेड अभिप्रेत असतो. ज्या भाषेत सूर्यप्रकाशाचे नावच ‘गरम’ असे आहे, त्या भाषेच्या वाचकाला तेजस्वी आणि थंड ही जोडी विसंगत वाटावी, हे स्वाभाविक आहे. ‘प्रखर’ या शब्दाचेही तसेच आहे, कारण प्रखर ऊन डोळ्यांनाही सोसत नाही आणि पाठीलाही. वैशेषिक दर्शनाने तर तेज या द्रव्याचे लक्षणच ‘उष्ण स्पर्श’ असे सांगितले आहे. ‘तेजस्’ हा शब्द मात्र ‘तिज्’ या धातूपासून, म्हणजे तीक्ष्णतेच्या अर्थाने आला आहे, तर ‘ताप’, ‘तप्त’ आणि ‘तापणे’ यांचा धातू ‘तप्’ आहे. मुळात हे दोन धातू वेगळे आहेत, आणि ताऱ्यांविषयी लिहिताना हा वेगळेपणा आपल्याला पुन्हा उपयोगी पडतो.

एखादी वस्तू एकंदरीत किती प्रकाश देईल हे दोन गोष्टींवर ठरते : ती किती तापली आहे आणि तिचा पृष्ठभाग किती मोठा आहे. शिमग्याची होळी आणि दिवाळीतली फुलबाजी आठवून पाहा. फुलबाजीच्या ठिणगीचे तापमान हजार अंश सेल्सियसच्या वर असते, तर होळीतला तांबूस निखारा साधारण ७०० ते ९०० अंशांच्या दरम्यान असतो. तापमानाने ठिणगी वरचढ ठरते. तरीही ती हातावर पडली तर क्षणभर चटका बसतो एवढेच, आणि होळीची धग मात्र दहा हातांवरूनही तोंडाला लागते, सारे अंगण तिच्या उजेडाने भरून जाते. ठिणगी अधिक तप्त आहे आणि होळी अधिक तेजस्वी, या वाक्यात कोणालाही विरोध दिसणार नाही.

काक्षी ही अशी होळी आहे. तिच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३५०० केल्विन आहे, सूर्याचे ५७७२ केल्विन. (केल्विनमधला आकडा सेल्सियसहून २७३ ने मोठा असतो, ताऱ्यांच्या बाबतीत हा फरक सहज दुर्लक्षिता येतो.) पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमधून बाहेर पडणारी ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलते, म्हणून काक्षीचा एक चौरस मीटर सूर्याच्या तेवढ्याच तुकड्याच्या जेमतेम सातव्या हिश्श्याइतकी ऊर्जा देतो. घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बची तार सुमारे २८०० केल्विनपर्यंत तापते. त्याच हिशेबाने काक्षीचा पृष्ठभाग या तारेच्या अडीच पटही ऊर्जा देत नाही. हे गणित पहिल्यांदा केले तेव्हा मी कितीतरी वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिलो होतो. मग काक्षी एवढी तेजस्वी कशामुळे? तिची त्रिज्या सूर्याच्या सातशे पटींहून अधिक असल्यामुळे. पृष्ठभाग त्रिज्येच्या वर्गाने वाढतो, आणि सातवा हिस्सा धरूनही एकूण प्रकाश सूर्याच्या साठ-सत्तर हजार पटींच्या पुढे जातो.

याच्या उलट टोकाला व्याधाचा जोडीदार आहे. १८६२ मध्ये सापडलेला हा श्वेत बटू (इंधन संपून आकसलेला तारा) आकाराने पृथ्वीएवढा, पण तापमानाने सुमारे २५,००० केल्विनचा आहे. त्याचा एक चौरस मीटर सूर्याच्या साडेतीनशे पट ऊर्जा देतो. तरीही नुसत्या डोळ्यांना तो कधीच दिसत नाही, आणि दुर्बिणीतही व्याधाच्या झगमगाटात त्याला शोधावे लागते. ही आपली फुलबाजीची ठिणगी.

रंगाचा गोंधळ याहून अवघड आहे. आपण ‘रागाने लालबुंद’ म्हणतो, गरम पाण्याच्या नळावर लाल खूण करतो, निळ्याला गार समजतो. लोहाराच्या भट्टीत मात्र लोखंड आधी काळपट तांबडे, मग लाल, नारिंगी, पिवळे आणि शेवटी पांढरट होते, म्हणजे लाल ही तापण्याची सुरुवात असते. तांबूस काक्षी आणि मृगाच्याच दुसऱ्या टोकाचा निळसर पांढरा राजन्य यांच्यात राजन्य अधिक तप्त, सुमारे १२,००० केल्विनचा आहे. एलईडी दिव्याच्या खोक्यावर हाच घोळ छापलेला असतो : ज्याला ‘वॉर्म’ म्हणतात त्यावर २७०० केल्विन, आणि ज्याला ‘कूल’ म्हणतात त्यावर ६५०० केल्विन असते. हा आकडा दिव्याच्या रंगाचा आहे. तेवढ्या तापलेल्या वस्तूचा प्रकाश त्या रंगाचा असतो, एवढाच त्याचा अर्थ. दिवा स्वतः तितका तापत नाही.

आता कोणते शब्द वापरावेत? माझे मत असे की तापमानासाठी ‘तप्त’ आणि ‘कमी तप्त’ हे शब्द राखून ठेवावेत. ताऱ्यातून प्रत्यक्षात किती प्रकाश बाहेर पडतो हे सांगायला ‘तेजस्वी’ आणि ‘तेजस्विता’ वापरावे. आपल्याला आकाशात तो कसा दिसतो यासाठी आकाशनिरीक्षकांच्या बोलण्यातले ‘ठळक’ आणि ‘फिका’ हे शब्द फार चांगले आहेत. त्या दिसण्याचे माप म्हणजे ‘प्रत’, आणि हा शब्द ज्याने योजला त्याला दाद द्यावीशी वाटते, कारण पहिल्या प्रतीचा तांदूळ दुसऱ्या प्रतीहून सरस, तसा पहिल्या प्रतीचा तारा दुसऱ्या प्रतीहून ठळक. आकडा लहान आणि तारा ठळक ही उलटी वाटणारी रीत मराठी वाचकाला शिकवावीच लागत नाही. २०१९ च्या अखेरीपासून २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत काक्षीची प्रत ०.५ च्या आसपासून १.६ पर्यंत उतरली, तेव्हा ‘काक्षी विझत चालली’ असेही म्हटले गेले. तिच्यासमोर आलेला धुळीचा ढग हे त्यामागचे मोठे कारण निघाले. ती ‘फिकी’ झाली होती, आणि त्या घटनेला हाच शब्द पुरेसा होता.

‘थंड’ हे विशेषण मी ताऱ्यांसाठी वापरणार नाही. ज्याच्या पृष्ठभागावर लोखंडाची वाफ होईल त्याला थंड म्हणायचे, तर निदान ‘सूर्याच्या तुलनेत’ हे शब्द सोबत हवेत. २०१४ मध्ये जाहीर झालेला, आपल्यापासून सुमारे साडेसात प्रकाशवर्षांवरचा एक तपकिरी बटू (तारा होण्याइतके वस्तुमान नसलेला गोळा) इतका गार आहे की त्यावर पाणी उकळणारही नाही. त्याला खुशाल थंड म्हणावे, पण तो तारा नव्हे. लेखातले वाक्य मी असे लिहिले असते : ‘काक्षी सूर्याहून कमी तप्त आहे, परंतु तिचा आकार प्रचंड असल्यामुळे ती सूर्याहून कितीतरी अधिक तेजस्वी आहे.’