आर्म झालेलं दार पुन्हा उघडायला सांगतात तेव्हा

केबिन क्रू म्हणून लिहिलेली तुझी पोस्ट वाचली आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही. विमानाची दारं आर्म झालेली (म्हणजे दार उघडलं की आणीबाणीची घसरगुंडी, स्लाइड, आपोआप फुगेल अशी), पुशबॅकची, म्हणजे विमान मागे ढकलायची तयारी, तेवढ्यात केटरिंगची राहिलेली ट्रॉली आली म्हणून मागचं उजवं दार उघडायला सांगितलं. केबिनच्या इन-चार्जकडून नव्याने डिसआर्मची, म्हणजे स्लाइड दारापासून सोडवायची सूचना आणि समोरच्या दारावरच्या मुलीचा क्रॉसचेक (एकमेकींचं दार तपासणं) मिळेपर्यंत तू हँडलला हात लावला नाहीस. आता विमान उशिरा सुटल्याबद्दल तुझ्याकडे लेखी खुलासा मागितलाय. अगदी हेच माझ्या वाट्याला आलं होतं. वयाने लहान असशील असं धरून अगंतुगं करते.

आधी एक सांगते. मी बोइंग ७३७ आणि नंतर एअरबस ए३२० वर उडले, मोठ्या विमानांवर नाही. उडणं सोडूनही काही वर्षं झाली. तुझ्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते माझ्या शब्दाच्या वरचं. आर्म-डिसआर्म कसं करायचं ते तुला शिकवत बसत नाही.

तू केलंस ते बरोबरच केलंस. माझ्या मते अख्ख्या टर्नअराउंडमध्ये (विमान उतरल्यापासून पुन्हा सुटेपर्यंत) सगळ्यात धोक्याची वेळ हीच. डोक्याने दार बंद करून विषय संपवलेला असतो, हात मात्र रोजच्या सवयीने उघडायला जातो, आणि बाहेरून कुणीतरी दारावर थापा मारत असतो. ए३२० वर हँडल जरासं उचललं की स्लाइड आर्म असल्याचा पांढरा दिवा लागतो, आणि त्याच्या भरवशावर राहणारे खूप पाहिलेत. पण तो दिवा दिसेपर्यंत हात हँडलवर गेलेला असतो. घाईत एकाच झटक्यात हँडल वर नेलं तर दिवा काय कामाचा? ७३७ वर तर तसला दिवाच नाही. तिथे गर्ट बार (स्लाइडला जोडलेली आडवी दांडी) खाली वाकून जमिनीवरच्या खाचांत बसवायचा आणि खिडकीवर लाल पट्टा आडवा लावायचा, बस. ७३७ वरून ए३२० वर आलेल्या प्रत्येकीला मी सांगायचे की दिवा नाहीच असं समजून काम कर.

बाहेरून दार उघडलं की काही होत नाही, असा बाहेरच्या माणसांचाही एक गैरसमज असतो. ए३२० चं दार बाहेरून उघडलं तर स्लाइड आपोआप डिसआर्म होते, हे खरं. ७३७ वर होत नाही, गर्ट बार खाचांत असेल तर स्लाइड सुटते. दोन्ही विमानांवर काम करणाऱ्या लोडरला हा फरक कुणी सांगितलेला असेलच असं नाही. तो म्हणतो, 'मॅडम, उघडा ना, काही होत नाही.' पण आर्म असलेलं दार आतून उघडलं तर दोन्ही विमानांवर स्लाइड काही सेकंदांत फुगते आणि हाय-लिफ्टवर (दारापर्यंत वर उचलल्या जाणाऱ्या गाडीवर) ट्रॉली धरून उभा असलेला माणूस नेमका तिच्या वाटेत असतो. दाराचा उंबरा जमिनीपासून साधारण तीन मीटर. त्याचं काय होईल ते सांगायला नको. पुढे ते दार निकामी धरायचं, म्हणजे एक तर प्रवासी कमी करायचे, नाहीतर नवी स्लाइड बसेपर्यंत थांबायचं. तुझ्यामुळे गेलेली मिनिटं या हिशेबापुढे ठेव आणि खुलाशात हे स्पष्ट लिही.

वर एकाने सल्ला दिलाय की पुढच्या वेळी गुपचूप डिसआर्म कर, उघड, परत आर्म कर, कुणाला कळणारही नाही. कृपा करून हे ऐकू नकोस. तुझं दार डिसआर्म आहे हे इन-चार्जला माहीत नसेल आणि परत आर्म करायचं राहिलं, तर टेक-ऑफ रद्द होऊन बाहेर पडायची वेळ आल्यावर तुझ्या दाराला स्लाइडच नसेल. २ जानेवारी २०२४ ला हानेदाला जपान एअरलाइन्सचं ए३५० धावपट्टीवर उतरताच तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. आठपैकी तीनच दारं वापरता आली, तरी त्यांतून ३७९ जण जिवंत बाहेर आले. एकेक दार मोलाचं असतं. उतरल्यावर विमान अजून जमिनीवर चालत असतानाच ज्यांचा हात डिसआर्म करायला लिव्हरकडे जातो, त्यांनीही हे लक्षात ठेवावं. ते विमान तर उतरलेलंच होतं.

क्रॉसचेकबद्दल माझं मत कडक आहे. कित्येक जणी जागेवरूनच 'झालं?' विचारतात आणि समोरून अंगठा आला की इन-चार्जला कळवून मोकळ्या होतात. मी समोरच्या दारापाशी जाऊन लिव्हर आणि पिन डोळ्यांनी बघायचे आणि काय दिसतंय ते मोठ्याने बोलायचे. मध्ये एखाद्या प्रवाशाने पाणी मागितलं तर पुन्हा पहिल्यापासून. माझ्या या सवयीचा सोबतच्या मुलींना कंटाळा यायचा, पण मी सोडली नाही.

आता माझ्याकडे खुलासा मागणाऱ्या खात्याबद्दल. नाव घेत नाही. प्रत्येक उशिराला एक कारण आणि एक जबाबदार विभाग नोंदवावा लागतो, आणि तिथे 'केबिन क्रू' लिहिणं सगळ्यात सोपं होतं. मला बोलावलं तेव्हा जबाब टाइप होऊन तयारच होता. मी 'अनावश्यक आग्रह धरला' असं त्यात होतं. मी सही केली नाही. मग रोस्टरवरून, म्हणजे उड्डाणांच्या ड्युटीच्या यादीतून नाव काढलं. आपला पगार मूळ वेतनावर नाही, उड्डाणाच्या तासांवर चालतो, हे त्यांना माहीत होतं. इन-चार्ज म्हणून बढती द्यायच्या यादीतूनही माझं नाव गेलं, ते त्या कंपनीत परत आलंच नाही. ट्रॉली आधी का आली नाही, हे केटरिंगला कुणी विचारलं नाही. मी जे केलं तेच करा, असं त्याच कंपनीचं ट्रेनिंग आम्हाला दरवर्षीच्या रिफ्रेशरला घोकून घेत होतं! शेवटी तोंडी सांगितलं, 'विषय संपला.' लेखी काहीच मिळालं नाही. आजही त्याचा राग येतो.

म्हणून तुला सांगते (मी वकील नाही, तुमच्याकडे युनियन असेल तर आधी त्यांच्याशी बोल): सेफ्टी रिपोर्ट अजून टाकला नसशील तर आजच टाक आणि त्याचा क्रमांक खुलाशात लिही. खुलासा तुझ्या शब्दांत असू दे, त्यांनी टाइप केलेल्या कागदावर सही नको. दार उघडायला कोणी सांगितलं, इंटरफोनवर की ओरडून, डिसआर्मची सूचना कधी आली, क्रॉसचेक कधी झाला, एवढंच वेळांसकट लिही. मॅन्युअलचा परिच्छेद क्रमांक दे, पण पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर कुणालाही पाठवू नकोस, तेवढ्यावरूनच दुसरी नोटीस येते. ट्रॉलीवाल्या मुलावर किंवा इन-चार्जवर दोष ढकलू नकोस. पोहोच म्हणून एका प्रतीवर तारखेसह सही-शिक्का घे, ईमेलही कर. तोंडी 'विषय संपला' म्हणाले तर तेही ईमेलने लेखी मागून घे.

मसुदा झाला की व्यनि (खासगी निरोप) कर, वाचून देईन. फक्त त्यात विमानाचा नंबर आणि सोबतच्यांची नावं खोडून पाठव.