कांदा चाळ परवडेल का? खर्च आणि फायद्याचा हिशेब कसा मांडावा

प्रश्न : निफाड तालुक्यातील एक शेतकरी बांधव विचारतात की, त्यांच्या अडीच एकरांत सुमारे २५० क्विंटल उन्हाळ कांदा निघतो आणि तो मे महिन्यात सरासरी १,२०० रुपये क्विंटलने विकावा लागतो. २५ टन कांदा साठवणाऱ्या चाळीला अडीच लाख रुपये खर्च येईल असे त्यांना सांगण्यात आले आहे. ऑक्टोबरात २,००० रुपये भाव मिळाला आणि साठवणुकीत सडण्या-सुकण्याने ३० टक्के घट धरली, तरी साडेतीन लाख हाती येतील. म्हणजे चाळ एकाच हंगामात फिटते, हे बरोबर आहे का?

उत्तर : आपण घट धरून हिशेब केलात ही मोठी गोष्ट आहे, कारण बहुतेक जण तीच विसरतात. मात्र साडेतीन लाख हे चाळीचे उत्पन्न नाही. चाळ नसती तरी हाच कांदा मे महिन्यात विकून आपल्याला तीन लाख मिळालेच असते. त्यामुळे चाळीच्या नावावर फक्त वरचे ५० हजार जमा धरता येतात. कोणत्याही गुंतवणुकीचा हिशेब करताना ती केली तर काय आणि न केली तर काय, या दोन परिस्थितींमधील फरक मोजावा. बियाणे, लागवड, खते, काढणी हा खर्च दोन्ही परिस्थितींत सारखाच असल्याने तो येथे धरण्याची गरज नाही.

आता या ५० हजारांतून काय वजा होते ते पाहू. कांदा चाळीत भरणे, मधली निवड, पुन्हा काढणे आणि चाळीची डागडुजी यांचे मिळून वर्षाला १५ हजार रुपये धरू. दुसरा खर्च डोळ्यांना दिसत नाही, तो म्हणजे व्याज. मे महिन्यात मिळू शकणारे तीन लाख पाच महिने अडकून राहतात. दहा टक्क्यांनी त्यांचे व्याज १२,५०० रुपये होते. या काळात पीक कर्जाची मुदत येत असेल, तर आणखी काळजी घ्यावी. वेळेवर परतफेड न झाल्यास तीन टक्क्यांची व्याज सवलत हातची जाते. हे सर्व वजा जाता वर्षाला २२,५०० रुपये उरतात.

हे २२,५०० दहा वर्षे मिळाले, तर बेरीज सव्वादोन लाख होते, पण दहाव्या वर्षीचा रुपया आजच्या रुपयाच्या तोलाचा नसतो. दहा टक्के दराने, दहा वर्षे दरवर्षी मिळणाऱ्या एका रुपयाचे आजचे मूल्य सुमारे ६ रुपये १४ पैसे होते. म्हणजे या उत्पन्नाचे आजचे मूल्य १ लाख ३८ हजार आणि खर्च मात्र अडीच लाख. लाभ-खर्च गुणोत्तर, म्हणजे उत्पन्नाचे आजचे मूल्य भागिले खर्च, ०.५५ येते, ते एकाच्या वर असेल तरच गुंतवणूक परवडते. आपल्याच आकड्यांवर ही चाळ तोट्याची ठरते.

तरीही चाळ बांधूच नका, असे मी म्हणणार नाही. घट ३० ऐवजी २० टक्क्यांवर आणली, तर विक्रीला १७५ ऐवजी २०० क्विंटल कांदा उरतो, वर्षाचा निव्वळ फायदा ७२,५०० रुपये होतो आणि गुणोत्तर १.७८ वर जाते. बाकी आकडे तेच ठेवले, तर साधारण २६ टक्के घटीला जमाखर्च बरोबरीत येतो. चाळीचे भवितव्य पत्रा आणि लोखंडाच्या किमतीपेक्षा या टक्क्यांवर ठरते आणि ते बऱ्याच अंशी आपल्या हातात आहेत. टिकवणक्षम वाण निवडावा, उदाहरणार्थ एन-२-४-१ किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचा भीमा शक्ती. नत्राचा हप्ता उशिरा देऊ नये, काढणीपूर्वी पाणी वेळीच तोडावे, कांदा पातीसकट शेतात सुकवून मान थोडी ठेवून पात कापावी आणि जोडकांदा, डेंगळे (फुलाचा दांडा आलेला कांदा) व इजा झालेला कांदा चाळीत मुळीच भरू नये. खालून हवा खेळेल अशी रचना नसेल, तर हे कष्टही वाया जातात.

भावाची बाजू मात्र आपल्या हातात नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागले आणि त्याच डिसेंबरात निर्यातबंदी आली, तेव्हा साठवणूकदार शेतकऱ्यांना किती सोसावे लागले हे आपण पाहिले आहे. म्हणून एकाच भावावर निर्णय घेऊ नये. घट २० टक्के असतानाही ऑक्टोबरचा भाव १,५०० राहिला, तर विक्रीतून तीन लाखच येतात आणि त्या वर्षी २७,५०० रुपये पदरचे जातात. आपल्या बाजार समितीतील मागील पाच वर्षांचे मे आणि ऑक्टोबरचे सरासरी भाव घेऊन प्रत्येक वर्षासाठी हा हिशेब स्वतंत्र करावा आणि पाचपैकी किती वर्षे फायदा झाला असता ते पाहावे. चाळीसाठीचे अनुदान मंजूर होऊन खात्यात येईपर्यंत ते जमेस धरू नये. प्रथम अनुदानाशिवाय हिशेब मांडावा.

बांधकामाचा निर्णय एक हंगाम पुढे ढकलता येत असेल, तर या उन्हाळ्यात शेजारच्या चाळीत आपला दहा क्विंटल कांदा वजन करून वेगळा ठेवावा, दर महिन्याला सड आणि कोंब आलेला कांदा काढून उरलेल्याचे वजन वहीत लिहावे आणि ऑक्टोबरात आलेली घट वरील हिशेबात ३० टक्क्यांच्या जागी घालावी.