कार्यक्रम पाहिला नसेल तरी पार्किन्सन यांचं आत्मचरित्र वाचावं का?

हो, नक्की वाचा. २००८ साली आलेलं 'पार्की' हे ब्रिटिश मुलाखतकार मायकेल पार्किन्सन यांचं आत्मचरित्र समजायला त्यांचा बीबीसीवरचा मुलाखतींचा कार्यक्रम (१९७१ ते १९८२, आणि पुन्हा १९९८ ते २००४) पाहिलेला असण्याची गरज नाही.

माझ्या मते पुस्तकाचा खरा जीव सुरुवातीच्या भागात आहे. इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातलं बार्नस्लीजवळचं कडवर्थ हे त्यांचं खाणकामगारांचं गाव. वडील ग्राइमथॉर्पच्या कोळसा खाणीत कामाला. पोरानं या वाटेला जाऊ नये म्हणून त्यांनीच त्याला खाणीत उतरवून तिथलं काम दाखवलं. वडिलांचं स्वप्न वेगळंच होतं, मुलगा यॉर्कशायरकडून क्रिकेट खेळावा. बार्नस्ली क्लबात पुढे नामवंत पंच झालेले डिकी बर्ड आणि इंग्लंडचे फलंदाज जेफ्री बॉयकॉट त्याच्यासोबत खेळले. क्रिकेटवेड्या मराठी वाचकाला एवढ्यासाठीच पुस्तक आवडेल! मुलगा मोठा, प्रसिद्ध झाला, तरी यॉर्कशायरकडून खेळला नाही ही वडिलांची खंत गेली नाही. बाप-लेकाचं हे नातं मला फार भिडलं.

पुढे स्थानिक वर्तमानपत्रातली बातमीदारी, १९५६ च्या सुएझ संघर्षाच्या वेळची लष्करातली नोकरी, मग टीव्ही. मुष्टियोद्धा मुहम्मद अलीची त्यांनी चार वेळा मुलाखत घेतली, तो भाग सावकाश वाचा. गायक फ्रँक सिनात्रा आणि क्रिकेटपटू डॉन ब्रॅडमन मात्र त्यांच्यासमोर कधीच बसले नाहीत.

नंतर नट-नट्यांची नावं एकामागून एक येतात, तिथली काही पानं चाळली तरी चालतील. अलीच्या मुलाखती यूट्यूबवर सापडतात, आधी त्यातली एखादी बघून घ्या.