नागपूरहून गावी राहायला येताना लहान मुलीच्या आहाराचे काय?

नागपूर सोडून यवतमाळ जिल्ह्यातील सासरच्या गावी राहायला गेल्यास चौदा महिन्यांच्या मुलीचे पोषण सुधारेल की बिघडेल, असे आपण विचारले आहे. मी अनेक वर्षे अंगणवाडीचे काम पाहिले आहे, त्या आधारावर लिहिते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत पाच वर्षांखालील ज्या मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली, त्यांचे प्रमाण देशाच्या ग्रामीण भागात ३७.३ टक्के आणि शहरी भागात ३०.१ टक्के होते. या फरकाचा मोठा भाग घरची मिळकत, आईचे शिक्षण, पिण्याचे पाणी आणि शौचालय यांतून येतो. म्हणून ही सरासरी आपल्या घराला जशीच्या तशी लावू नये.

गावात सारे ताजे मिळेल, ही आपली अपेक्षा मात्र थोडी आवरावी लागेल. वावरात कापूस आणि सोयाबीन असते, ते विकायला जाते. ज्वारीचा पेरा घटला आहे. घरच्या वरणापुरती तूर तेवढी बहुतेक जण ठेवतात. पावसाळ्यात तरोटा आणि अंबाडी मिळते, एरवी भाजी आठवडी बाजाराच्या भरवशावर असते आणि बाजाराला चार दिवस झाले की घरात बटाटेच उरतात.

खरी अडचण भरवणाऱ्या हातांची असते. निंदणाच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळी भाकर टाकून वावरात जाते ती दिवस कलल्यावर परतते, आणि तोवर आजीजवळ असलेल्या लेकराला भूक लागली की चहात बुडवलेले बिस्कीट किंवा दुकानातले पाच रुपयांचे पाकीट मिळते. या वयाच्या मुलाचे पोट लहान असल्याने त्याला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा खाऊ लागतो. मोठ्यांच्या दोन वेळच्या जेवणावर त्याचे भागत नाही. चहामुळे तर अन्नातले लोह अंगी लागण्यातही अडथळा येतो. (नागपुरात धुणीभांडी करणाऱ्या आईच्या लेकराचीही हीच गत असते, हे सांगायला हवे.)

म्हणून आपण शेतात जाणार असाल, तर दुपारचे भरवणे कोणाकडे, हे सासूबाईंशी आधीच बोलून ठरवा. घट्ट वरण आणि भात कुस्करून त्यावर चमचाभर तूप किंवा तेल, उकडलेले अंडे, शेंगदाण्याचा बारीक कूट घातलेली ज्वारीची पेज, एवढे त्यांना सहज जमेल. पातळ वरणाचे नुसते पाणी पाजू नये.

अंगणवाडीत लगेच नाव नोंदवा. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना तेथून घरी न्यायचा आहार मिळतो, मात्र तो घरात सर्वांत वाटला जातो, तसे होऊ देऊ नका. दर महिन्याला वजन करून घ्या, उंचीही मोजायला सांगा आणि लोहाच्या औषधाची आशाताईंकडे चौकशी करा. विहिरीचे पाणी उकळूनच द्या. जुलाब झाल्यास क्षारसंजीवनी सुरू करावी, आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या जस्ताच्या गोळ्या जुलाब थांबले तरी पूर्ण चौदा दिवस द्याव्यात आणि त्या काळात खाणे बंद करू नये.