मुलगी म्हणाली, माझा वाढदिवस हॉलमध्ये आहे

‘वाढदिवस साधा केला तर मुलांच्या मनात कमीपणा बसतो का?’ हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनात सरळ फार क्वचित येतो. बहुतेकदा तो दुसऱ्याच तक्रारीच्या आडून येतो. नवराबायको बोलत नाहीत, पोराला सारखं काहीतरी विकत हवं असतं, मुलगी शाळेतून आली की गप्प बसते. बोलता बोलता कळतं की घरात एक वाढदिवस जवळ आलाय आणि हातात पैसे नाहीत.

या गोष्टीतल्या ताईंची तक्रार होती, “मॅडम, आमची पोरगी खोटं बोलायला लागलीय.” त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला आपण सई म्हणू. सांगलीतलं कुटुंब. सईचे वडील कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला, दिवाळीनंतर ओव्हरटाइम बंद झालेला. आई घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. आजी सोबत. सई तिसरीत, जानेवारीच्या शेवटी आठ पूर्ण होणार.

झालं असं की नोव्हेंबरात वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवस हॉलमध्ये झाला. कार्टूनचा मुखवटा घालून नाचणारा माणूस, टॅटू काढणारी बाई, जादूगार, पॉपकॉर्नचं मशीन, परत येताना प्रत्येकीच्या हातात डबा भरून रिटर्न गिफ्ट. पुढच्या महिन्यात सईने वर्गात सांगून टाकलं, “माझा पण हॉलमध्ये आहे, ह्याच्यापेक्षा मोठ्या.” आईला हे कळलं ते शाळेच्या गेटवर. दुसऱ्या एका मुलीच्या आईने हसत विचारलं, “कुठला हॉल घेतलात?”

“मग तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

ताई पदराशी चाळा करत राहिल्या. “काय म्हणणार? म्हटलं, बघतोय अजून.”

त्यानंतर त्यांनी खरोखरच हॉल बघायला घेतला. हॉल, जेवण, सजावट, गिफ्ट मिळून आकडा २५,००० च्या घरात जात होता. त्यांची बारा बायकांची भिशी आहे, महिना २,००० रुपये, म्हणजे उचल २४,०००. पहिली उचल मलाच द्या, म्हणून त्यांनी शब्द टाकून ठेवला होता. हे कळल्यापासून नवऱ्याने बोलणं बंद केलेलं. सासूबाई उठताबसता म्हणत होत्या, “आमच्या वेळी ओवाळलं, शिरा केला, झाला वाढदिवस.” हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय, आणि खरं असूनही ते कुठेच उपयोगी पडलेलं मला दिसलेलं नाही. त्याने समोरच्याचं तोंड तेवढं बंद होतं.

भिशीचा हिशेब मी त्यांच्यासमोर कागदावर मांडला. जानेवारीत उचल घेतली तर डिसेंबरपर्यंत महिन्याला २,००० भरत राहायचे. दोन तासांचा कार्यक्रम वर्षभर फेडायचा आणि शेवटचा हप्ता भरून होतो न होतो तोच नववा वाढदिवस दारात. ताईंनी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला, पण म्हणाल्या, “ते सगळं खरं मॅडम, पण पोरीला वर्गात मान खाली घालायला लागली तर?”

ही भीती पोकळ आहे असं मी म्हणत नाही. पाच वर्षांच्या मुलाला फुगा मिळाला की तो खूश असतो, शेजारच्याचा फुगा मोठा असला तरी. सात-आठच्या सुमारास मुलं स्वतःला इतरांच्या शेजारी ठेवून बघायला लागतात. कुणाची चित्रकला चांगली, कुणाचं दप्तर नवं, कुणाचं घर मोठं. वाढीचाच भाग आहे तो. त्यामुळे ‘तिला काय कळतंय’ म्हणणारे चुकतात. तिला कळतं. पण त्यातून ती काय अर्थ काढते, हे बरंचसं घरातल्या मोठ्यांच्या वागण्यावर ठरतं.

सईला मी वेगळं भेटले. तू हॉल असं का सांगितलंस, हे विचारलं नाही. त्या वयाच्या मुलांना ‘का’ विचारलं की खांदे उडवण्यापलीकडे उत्तर मिळत नाही. नोव्हेंबरातल्या वाढदिवसाला काय काय मजा आली, तेवढं विचारलं. जादूगाराचं नाव निघालं नाही. मुखवट्याच्या माणसाची तिला भीतीच वाटली होती. आईस्क्रीम वितळलेलं होतं. मग एकदम डोळे मोठे करून म्हणाली, “स्टेजच्या पायऱ्या होत्या ना, तिथनं आम्ही उड्या मारत होतो. मी वरनं दुसऱ्या पायरीवरनं मारलो!”

पंचवीस हजारांतली पायऱ्या ही एकच गोष्ट फुकट होती.

“तुझ्या वाढदिवसाला कोण कोण यायला पाहिजे?” तिने नऊ नावं न थांबता सांगितली. “आणि त्या कुठे बसतील?” इथे ती थांबली. टेबलाची कड नखाने कुरतडत म्हणाली, “आमच्या घरी कुणीच येत नाही. आई नको म्हणते.”

पुढच्या भेटीत मी ताईंना हे विचारलं तेव्हा घराची गोष्ट बाहेर आली. गावभागात तळमजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या पाण्याने या खोल्यांच्या भिंतींवर उंच एक रेघ ओढून ठेवली आहे. रेघेखालचा गिलावा फुगलेला, जागोजागी पोपडे, कपाटाचे पाय गंजलेले. घरमालक आज करतो, उद्या करतो म्हणतोय. “असल्या घरात पोरींना कुठं बसवू सांगा की मॅडम. त्या घरी जाऊन आयांना सांगणारच.”

म्हणजे हॉलचे पैसे सईच्या हौसेसाठी कमी आणि ती भिंत झाकण्यासाठी जास्त जाणार होते. मी तसं बोलून दाखवलं. ताईंना राग आला, थोडं रडूही आलं. आणि मग त्या स्वतःच म्हणाल्या, “तिला पण माहीत असणार ना, मी लपवतेय ते.”

माझं सगळं म्हणणं एवढ्यातच आलं. दहा माणसांत साधा केक कापल्याने मूल खचत नाही. आपल्या घरात काहीतरी दुसऱ्यांना दाखवण्यासारखं नाही, हे ते आईबापांच्या कुजबुजीतून, ‘बघतोय अजून’मधून टिपतं आणि मग तेही लपवायला शिकतं. सईचं खोटं गेटवरच्या त्या उत्तराच्या आधीचं असेल, पण ते शिकली कुठे हे वेगळं सांगायला नको.

मग पैशाचं बोलायचं ठरलं, तेही सईसमोर. नवराबायकोंनी मिळून २,००० रुपये काढायचे असं कबूल केलं. (नवरा पहिल्यांदा आला तो याच दिवशी, ड्यूटीच्या कपड्यात.) ‘आपल्याकडे पैसे नाहीत’ हे वाक्य मी टाळायला सांगते. मुलाला त्यात तळ दिसत नाही. उद्या जेवायला आहे का, इथपर्यंत ते जाऊन पोचतं. ‘एवढे आहेत, यात काय काय बसवू?’ हे त्याला पेलतं.

मी वीस कागदाचे तुकडे कापले, एकेक म्हणजे शंभराची नोट. सईला म्हटलं, तू वाटून ठेव. तिने पहिल्याच झटक्यात बारा तुकडे केकवर ठेवले. बाहुलीचा केक, झग्याच्या घेराचा. मग चार लाईटच्या माळेवर. उरले चार. खाणं, फुगे, गिफ्ट बाकी. ती बराच वेळ बघत राहिली. वडील काहीतरी सुचवायला पुढे झुकले, मी हातानेच थांबा म्हटलं. सईने केकवरचे तुकडे एकेक करून उचलायला सुरुवात केली आणि पाचांवर येऊन थांबली. “अर्धा किलोचा. वर मी जेम्सच्या गोळ्या लावतो.” लाईटपाशी आल्यावर वडिलांना आठवलं की दिवाळीचा आकाशकंदील आणि माळ माळ्यावर पडूनच आहे. चार नोटा सुटल्या. त्या बापलेकीच्या चेहऱ्यावर लॉटरी लागल्यासारखा आनंद होता.

जागा ठरली इमारतीची गच्ची. खाण्याला घरचं भडंग. सांगलीत वेगळं काय सांगायचं? गणपती पेठेतून चुरमुरे, शेंगदाणे आणले आणि आजीने लसूण, कढीपत्ता घालून पातेलंभर करून ठेवलं. रिटर्न गिफ्टचं मात्र अडलं. शंभर रुपयांच्या खाली जे प्लॅस्टिक मिळतं ते दोन दिवसांत तुटतं, आणि नऊजणी म्हणजे नऊशे. तोडगा काढला सासूबाईंनी, त्याच ‘आमच्या वेळी’वाल्या. वाढदिवस येत होता संक्रांत आणि रथसप्तमीच्या मधल्या दिवसांत. त्या म्हणाल्या, “बोरन्हाणाला करतो तशी लूट करा की.”

बोरन्हाण आपण पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं करतो. हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतो, डोक्यावरून बोरं, चुरमुरे ओततो आणि बाकीची पोरं तुटून पडतात. त्यातलं ओवाळणं आणि दागिने सईला लहान वाटले असते, पण लूट कुठल्या वयाला नको असते? बोरं, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या, लिमलेटच्या गोळ्या. ऊस वडिलांनी कामावरच्या मित्राच्या रानातून आणला आणि करवे करून ठेवले. आणि लूट भरायला ताईंनी ब्लाऊजपीसच्या उरलेल्या तुकड्यांच्या पिशव्या शिवल्या, प्रत्येकीवर नावाचं पहिलं अक्षर. काठाचा तुकडा कुणाच्या वाट्याला जाणार यावर सईने दोन दिवस घालवले म्हणे.

लूट शेवटी ठेवा, एवढं मी आग्रहाने सांगितलं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा एक प्रयोग आहे. माणसांना १४ अंशांच्या थंडगार पाण्यात मिनिटभर हात धरायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच मिनिट आणि वर आणखी अर्धा मिनिट, फक्त त्यात पाण्याचा गारठा हळूहळू एका अंशाने कमी केला. पुन्हा कुठलं कराल, म्हटल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचं दुसरं निवडलं, कारण त्याचा शेवट बरा होता. प्रयोग वाढदिवसाचा नव्हता, मान्य. पण अनुभवाची आठवण त्याच्या टोकाच्या क्षणावर आणि शेवटावर उभी राहते, लांबीवर नाही, हे मला मुलांच्या बाबतीत कायम पटत आलंय. आपल्याकडे केक पहिल्या वीस मिनिटांत कापला जातो आणि मग मुलं आई न्यायला येईपर्यंत वेफर्स चिवडत बसतात. म्हणून साडेचार ते साडेसहा अशी वेळ निमंत्रणातच लिहायची, केक मध्यावर आणि दंगा शेवटी.

वर्गातल्या खोट्याचं काय? सईला माफी मागायला लावायची नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. आठ वर्षांच्या मुलीला वर्गासमोर उघडं पाडून सत्य शिकवता येत नाही. आम्ही एक वाक्य तयार केलं, तिने ते आरशासमोर म्हणून बघितलं: “हॉलमध्ये नाही गं, आमच्या गच्चीवर आहे. खजिना शोधायचाय.” आईसाठीही एक होतं, गेटवरचं: “हॉल नाही घेतला, घरीच करतोय. नक्की पाठवा.” ताईंना हे दुसरं वाक्य सईपेक्षा जड गेलं.

खजिन्याच्या चिठ्ठ्या लिहायचं काम वडिलांना दिलं होतं. पाचपैकी एक चिठ्ठी होती, ‘आजीचा चष्मा रोज जिथं हरवतो तिथं बघा.’ म्हणजे आजीची उशी. म्हणजे घर. ताईंनी ती बदलायला सांगितली, सई हटून बसली, चिठ्ठी राहिली. त्या दिवशी नऊजणी धाडधाड जिना उतरून खोलीत शिरल्या आणि एकीने भिंतीकडे बोट केलं, “हे काय गं?” ताई दारातच थिजल्या. सई म्हणाली, “पुराचं पाणी. इथपर्यंत आलतं.” झालं, खजिना राहिला बाजूला आणि सगळ्या एकेक करून भिंतीला पाठ लावून उंची मोजायला लागल्या. रेघ सगळ्यांच्या डोक्याच्या वर. एक म्हणाली, “आमच्यात पण आलतं, पप्पा बोटीतनं गेलते.” मग चष्मा आठवला.

सगळंच छान झालं असं नाही. एका मुलीने येताक्षणी विचारलं, “गेमवाले काका कधी येणार?” आणि सईचा चेहरा पडला. आजीने ‘मामाचं पत्र हरवलं’ सुरू केलं म्हणून निभावलं. एक मुलगी आलीच नाही, आधी येते म्हणूनही. तिची पिशवी सईने दुसऱ्या दिवशी शाळेत नेऊन दिली. वाऱ्याने आकाशकंदील दोनदा पडला. खर्च १,८०० च्या आसपास झाला, उरलेले सईने स्वतःकडे ठेवून घेतले आणि अजून कुणाला दिलेले नाहीत.

माझ्याकडे येणारे पालक हे ऐकून विचारतात की गच्ची नसेल तर? आमराईतली झाडाखालची जागा चालते, देवळाचं पटांगण चालतं, मामाचं शेत चालतं. जागेचा प्रश्न सुटतो. त्याआधी मुलाला विचारायचं राहून जातं की तुला नेमकं काय हवंय, आणि उत्तर बहुतेकदा किमतीत फार लहान असतं. दोन-तीन गोष्टी सांगितल्या तर त्यातली एक पूर्ण करा, बाकीच्यांना सरळ नाही म्हणा. वर्गात निमंत्रणं वाटू नका. ज्यांना बोलवायचं त्यांच्या आईला फोन करा, म्हणजे न बोलावलेल्या मुलांना दुखत नाही.

आणि एक वेगळं सांगायला हवं. मूल वाढदिवसाच्या आधी-नंतरही सतत मोठेपणाच्या गोष्टी रचून सांगत असेल, शाळेत जायला नको म्हणून सकाळी पोट दुखत असेल, किंवा घरच्या परिस्थितीवरून त्याला कुणी रोज चिडवत असेल, तर गच्चीवरच्या केकने ते सुटणार नाही. तेव्हा वर्गशिक्षकांना शाळा सुटल्यावर एकटं गाठून बोला, मुलाला सोबत न नेता. सईच्या बाबतीत ती वेळ आली नाही. ताई त्यानंतर आल्या त्या घरमालकाशी गिलाव्याचं कसं बोलावं हे विचारायला.