नव्या पीसीवर डॉसमधलं अडतीचं सॉफ्टवेअर चालेल का?

प्रश्न : सर, सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीच्या अडतीचं दुकान आहे. खातेवही आणि शेतकऱ्याची पट्टी (मालाच्या विक्रीचा हिशेब) सगळं वडिलांनी बनवून घेतलेल्या डॉसच्या (विंडोजच्या आधीची, नुसत्या अक्षरांच्या पडद्याची सिस्टिम) फॉक्सप्रो प्रोग्रॅमवर. जुना एक्सपीवाला पीसी ऐन सौद्यात बंद पडायला लागला म्हणून विंडोज ११ चा घेतला, फोल्डर कॉपी केला तर 'धिस ॲप कान्ट रन ऑन युवर पीसी' एवढंच येतंय. कंपॅटिबिलिटी मोड (जुन्या विंडोजसारखं चालवायची सोय) लावून झाला. काय करू?
- एक अडतदार, सांगली

उत्तर : कंपॅटिबिलिटी मोडचा नाद सोडा. तुमचा प्रोग्रॅम १६ बिटचा, आणि असले प्रोग्रॅम चालवायला ३२ बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नावाचा भाग असायचा, एक्सपीत तो होता म्हणून आजवर निभावलं. ६४ बिटमध्ये तो नाहीच आणि विंडोज ११ चं ३२ बिट व्हर्जनच निघालं नाही, त्यामुळं पीसी बदलून आणला तरी तेच.

व्हीडॉस नावाचं सॉफ्टवेअर मिळतं, ते खास डॉसच्या असल्या धंद्याच्या प्रोग्रॅमसाठीच केलंय. लोक डॉसबॉक्स हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर सुचवतील, पण ते मुळात जुन्या गेमसाठी, साध्या डॉसबॉक्सात प्रिंटची सोयच नाही, आणि पट्टी हातात पडल्याशिवाय शेतकरी दुकानातून हलतोय होय!

जुन्या पीसीवर प्रोग्रॅम बंद करून मगच अख्खा फोल्डर उचला. नुसत्या डीबीएफ फायली (ज्यात खात्यांची माहिती असते) नेऊ नका, त्यांच्या जोडीला त्याच नावाची एफपीटी (लांब मजकुराची फाइल) असेल तर ती राहिली की टेबल उघडत नाही. फोल्डरचं नाव इंग्रजीत, आठ अक्षरांच्या आत, मधे जागा न सोडता ठेवा, आणि तो प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकू नका, तिथं लिहायची परवानगी विंडोज सहजी देत नाही.

खरा ताप प्रिंटरचा. डॉसचा प्रोग्रॅम डोळे झाकून एलपीटी१ ला, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या पोर्टला, छापायला पाठवतो, नव्या पीसीला ते पोर्टच नसतं. व्हीडॉस एलपीटी१ ला आलेलं विंडोजच्या प्रिंटरकडं वळवतं, म्हणून यूएसबीचा डॉट मॅट्रिक्स आधी विंडोजमध्ये नीट बसवून घ्या. अक्षरं मोठी येऊन हमाली-तोलाईचे आकडे कागदाबाहेर जायला लागले तर बारीक अक्षराचा कोड प्रिंटरपर्यंत पोचत नाहीये असं समजा, ते सेटिंगमध्ये बघावं लागतं.

कुणीतरी व्हर्च्युअलबॉक्सात (पीसीच्या आत दुसरा आभासी पीसी चालवणारं सॉफ्टवेअर) एक्सपी टाकून देतो म्हणेल. चालतं तेही, पण एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला, तेव्हा त्याला इंटरनेट अजिबात जोडू नका आणि एक्सपीची चोरीची कॉपी तर नकोच.

माझं मत विचाराल तर येत्या १ एप्रिलपासून नवीन पॅकेज घ्या, तोवर हे चालवा. जुनी खाती अडकत नाहीत, डीबीएफ फाइल लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये सरळ उघडते. फक्त तिथं मूळ फाइलवर सेव्ह मारू नका, इंडेक्स (नोंदी शोधायची सूची) जुळेनासा होतो, कॉपीवर काय खेळायचं ते खेळा.